टूथपेस्टने बुजवलेली भोकं

४ मे

ठिणगे,

'प्रिय' लिहिलेलं नाही, ते मुद्दाम. मी वसतिगृहात होते तेव्हापासूनचा आपला नियम आहे, भांडण कागदावर करायचं आणि फोनवर फक्त हवापाण्याचं बोलायचं. म्हणून काल तू फोन केलास तेव्हा मी तुझ्या खोकल्याची चौकशी केली आणि फोन ठेवला. खरं विचारायचं होतं ते इतकंच, की तुला जरासुद्धा लाज कशी वाटली नाही?

तुझं नवीन पुस्तक वाचलं. एरवी तुझी पुस्तकं मी नुसती चाळते, खोटं कशाला बोलू. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांच्या भानगडी छापील वाचायची मला हौस नाही, घरात एक जिवंत नमुना आहे. पण शेजारची शिक्षिका जिन्यात भेटली आणि म्हणाली, "अहो, बहिणीचं पुस्तक वाचलंत का? ते सातवं प्रकरण! काय बाई एकेक आया असतात!" मग मी वाचलं. ओट्याशी उभ्या उभ्या वाचलं. दूध उतू गेलं तरी वाचत होते.

मुलगी शाळेत गेली की तिची आई स्क्रूड्रायव्हर घेते, मुलीच्या खोलीच्या दाराची आतली कडी काढते, स्क्रूची भोकं पांढऱ्या टूथपेस्टने बुजवते, बोटाने सारखी करते आणि संध्याकाळी काही झालंच नाही अशा चेहऱ्याने चहा टाकते. अगं, हे माझं घर आहे! ते माझं दार आहे! ती कडी मी काढली, या हातांनी, फेब्रुवारीत. कारण खारू शाळेतून आली की कडी लावून घ्यायची ती थेट जेवायला बाहेर. परीक्षा तोंडावर, गुण घसरलेले, आत काय चाललंय कळायला मार्ग नाही. मी काय करायला हवं होतं? दाराबाहेर बसून वाट बघायची?

हे घराबाहेर कुणालाच माहीत नव्हतं. मी तुला सांगितलं नाही. तुझ्या भावोजींना त्या दाराला कडी होती हेच ठाऊक नव्हतं. आई फोनवर तुझ्याशी औषधांपलीकडे बोलत नाही. मग उरलं कोण? आमची कन्या घरातल्या गोष्टी मावशीला पुरवते आणि मावशी त्या छापून वर बक्षिसं घेते. छान चाललंय तुम्हा दोघींचं.

तिला समोर बसवून विचारलं, का सांगितलंस? तोंडातून एक शब्द नाही. लहानपणी गालात खाऊ साठवायची म्हणून तिला खारू म्हणायला लागलो, आता शब्द साठवते. सुट्टीत ती तुझ्याकडे येणार नाही. तिचा फोन माझ्या कपाटात आहे आणि माफी मागेपर्यंत तिथेच राहील. आणि तू दुसऱ्या आवृत्तीतून ते प्रकरण काढून टाक. एवढं तरी कर.

ताई

९ मे

ताई,

मीही 'प्रिय' गाळलं. फिट्टंफाट.

तुझं पत्र हातात पडलं तेव्हा मी एका शाळेच्या उन्हाळी शिबिरातून वैतागून घरी आले होते. मुख्याध्यापकांनी माझी ओळख करून दिली ती "चिमुकल्यांसाठी गोड गोड गोष्टी लिहिणाऱ्या" अशी. समोर दहावीची मुलं. त्यांतल्या निम्म्यांना मिसरूड फुटलेली. ती माझ्याकडे अशी बघत होती की मलाच माझी दया आली. मग चहाच्या वेळी नेहमीचा प्रश्न, "मोठ्यांसाठी कधी लिहिणार?" मुलांच्या डॉक्टरला कुणी विचारतं का, की खऱ्या माणसांना कधी तपासणार? मागच्या बाकावरच्या एका मुलीने तेवढं कामाचं काहीतरी विचारलं. म्हणाली, "तुमच्या आधीच्या पुस्तकातला मुलगा मेसेजमध्ये पूर्ण वाक्यं लिहितो. असं कोण लिहितं?" तिचं बरोबर होतं. बसमध्ये मुलांच्या मागच्या सीटवर बसून कान लांब करणं हे माझं निम्मं काम आहे, आणि तरी माझ्याकडून चुकतं.

घरी येते तो संपादकबाईंचा निरोप. मुखपृष्ठावरची मुलगी हसरी हवी होती असं आता विक्रीवाल्यांचं म्हणणं आहे. आता! पुस्तक दुकानात गेल्यावर! याच बाईंनी मला सातव्या प्रकरणावरून छळ छळ छळलं होतं. म्हणे पालक दुखावतील आणि पुस्तकं पालक विकत घेतात, मुलं नाही. शेवटी त्या म्हणाल्या, कडी काढलेली ठेवायची तर ठेवा, पण मग शेवटच्या प्रकरणात मुलीने आईला मिठी मारलीच पाहिजे. मी मिठी दिली आणि प्रकरण वाचवलं. आणि तू म्हणतेस ते काढ. लिहिणाऱ्याच्या प्रकरणांना जणू मालकच नसतो, येईल त्याने उचलावं आणि फेकावं.

ते जाऊ दे. मला राग आला आहे तो दुसऱ्याच गोष्टीचा. पुस्तक काही दोन-तीन महिन्यांत तयार होत नाही गं. हे हस्तलिखित मी मागच्या वर्षी जूनमध्ये दिलं. तू कडी काढलीस या फेब्रुवारीत. मी सातवं प्रकरण लिहिलं तेव्हा तुझ्या दाराची कडी जागच्या जागी होती आणि खारू ती लावून आत बसत होती. मग पोरीने मला सांगितलं काय, स्वप्नात येऊन? मला तुझ्या कडीबद्दल पहिल्यांदा कळलं ते तुझ्याच पत्रातून. मी तुझ्याविषयी लिहिलेलं नाही. ते मी बसल्या जागी रचलं. गोष्टी रचणं हा माझा धंदा आहे.

तिचा फोन आजच्या आज परत दे. तिने काहीही केलेलं नाही.

ठिणगी

१५ मे

ठिणगे,

वकील व्हायला हवी होतीस. जूनमध्ये हस्तलिखित दिलंस म्हणतेस, पण छपाईला जाईपर्यंत तू खाडाखोड करत असतेस हे तूच मला शंभरदा सांगितलं आहेस. तेव्हा ती तारीख मला दाखवू नकोस.

आणि कडी काढणं एक वेळ रचता येईल. टूथपेस्ट कुणी रचत नाही. मलासुद्धा ती सुचली नव्हती. मी भोकं बुजवायची लांबी आणायला हार्डवेअरच्या दुकानात निघाले होते, तर आई म्हणाली, "कशाला उगाच जातेस? दार पांढरं आहे, टूथपेस्ट भर, कळणारही नाही." कडी काढायचंही तिनेच सुचवलं, खोटं कशाला बोलू. मी आठवडाभर डोकं धरून बसले होते, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "दाराची कडीच काढून टाक. पोरी चार दिवस फुरंगटतात आणि मग ताळ्यावर येतात." आईने आयुष्यात कधी आपल्यावर आवाज चढवला नाही. ती बोलते ते विचार करूनच बोलते. मला तो सल्ला पटला आणि अजूनही पटतो.

खारू ताळ्यावर आलेली नाही, हे खरं आहे. कपडे बदलायला बाथरूममध्ये जाते. अभ्यासाला गच्चीच्या जिन्यात जाऊन बसते, उन्हात. आमच्याबरोबर जेवत नाही. परवा तिच्या खोलीत इस्त्रीचे कपडे ठेवायला गेले तर गादीवर भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी म्हटलं, एवढं नाटक कशासाठी? मावशीला सांगितलंस एवढं कबूल कर आणि विषय संपव. वळलीसुद्धा नाही. आई म्हणते, खोटं बोलणारी मुलंच अशी गप्प बसतात.

आणि तुला मुळात दारांचं वेडच आहे. एकटी राहतेस, घरात दुसरं माणूस नाही, तरी लिहायला बसताना आतून कडी लावून घेतेस! मागे मी आले होते तेव्हा चहाचा कप घेऊन बाहेर ताटकळत होते, आठवतं का? तेव्हा हसले होते. आता वाटतं, तुझं हे खूळच तू माझ्या पोरीच्या डोक्यात भरवलंस.

प्रकरण काढणार आहेस की नाही, ते एका ओळीत कळव.

ताई

२० मे

ताई,

एका ओळीत मावणार नाही.

तुझं पत्र अर्ध्यावर वाचून मी उठले आणि घरात फेऱ्या मारायला लागले. खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी काठीने छत ठोकलं, तेव्हा थांबले. 'पोरी चार दिवस फुरंगटतात.' ताई, ती फुरंगटलेली पोरगी मी आहे.

मी तुझ्याशी मागच्या पत्रात खोटं बोलले. ते प्रकरण रचलेलं नाही. मी चौदा वर्षांची होते आणि तू वसतिगृहात होतीस. शाळेतून आले, खोलीत गेले, दार लोटलं आणि सवयीने हात कडीकडे गेला. तिथे काहीच नव्हतं. दार गुळगुळीत. बोट फिरवलं तर ओलसर लागलं. बोटाचा वास घेतला, मग जिभेला लावून बघितलं. आपण सगळे सकाळी ज्याने दात घासायचो तेच. बाहेर आई चहा करत होती आणि गुणगुणत होती. तिने काही म्हटलं नाही आणि मीही काही विचारलं नाही. दाराला आतून खुर्ची लावायला लागले, तर आठवड्याने खुर्चीही खोलीतून गेली. कारण काय होतं म्हणशील, तर काही नाही. मी दार लावून बसायचे, एवढंच कारण.

घरात एकाच दाराला कडी उरली होती, बाथरूमच्या. मी तिथे नळ सोडून, बादली पालथी घालून बसायला लागले. माझी पहिली गोष्ट मी तिथे लिहिली, कागद ओला होऊ नये म्हणून गुडघे पोटाशी घेऊन. अजूनही लिहायला बसताना माझा हात आधी कडीकडे जातो. त्याला तू वेड म्हणतेस.

तू सुट्टीत आलीस तेव्हा टूथपेस्ट सुकून तिचे पापुद्रे पडले होते आणि भोकं उघडी झाली होती. तू विचारलंस, "अगं, या दाराची कडी कुठे गेली?" आई म्हणाली, "तुटली." तू "बरं" म्हणालीस. मी तिथेच उभी होते. तू माझ्याकडे बघशील असं मला वाटलं होतं.

आजवर तुला हे सांगितलं नाही, कारण आई तुझ्याकडे असते. तिची पथ्यं, तिचे गुडघे, तिचे डॉक्टर सगळं तू बघतेस आणि मी फोन करून मोकळी होते. मला कोणत्या तोंडाने तक्रार करता आली असती? पुस्तकातही मी त्या बाईला आईचा चेहरा दिला नाही, आवाज दिला नाही, फक्त ती टूथपेस्ट दिली. आणि त्या टूथपेस्टवरून तू तुझ्या मुलीला चोर ठरवलंस! आई ते सगळं समोर बसून बघत होती. ती कडी कुणाची होती हे तिला पक्कं माहीत होतं. एका शब्दाने ती खारूला सोडवू शकली असती. त्याऐवजी म्हणाली, खोटं बोलणारी मुलं गप्प बसतात.

प्रकरण मी काढणार नाही. आणि कडी तू परत लावायचीस. सुताराला बोलावू नकोस, तूच लाव, आणि खारू घरात असताना लाव. तिने मला काही सांगितलं नव्हतं हे तिला सगळ्यांसमोर सांग. तिला माफी मागायला लावून तू काय मिळवणार आहेस? तिने चूकच केली नाही तर ती माफी कशाची मागेल?

माझ्यावर विश्वास नसेल तर आईला विचार.

ठिणगी

१२ जून

प्रिय ठिणगी,

इतके दिवस लिहिलं नाही. आधी तर मला वाटलं, तू हेही रचलंस. तुझं पत्र स्वयंपाकघरातल्या डब्यांमागे ठेवलं आणि कामाला लागले. पण ते 'बरं' काही डोक्यातून जाईना. मला ते दार आठवत नाही, आई काय म्हणाली तेही आठवत नाही, पण 'बरं' म्हटल्याचं आठवतं. मला भूक लागली होती आणि मला आत जायचं होतं.

शेवटी आईला विचारलं. ती गवार निवडत होती. म्हणाली, "हो, काढली होती. मग? लेखिका झालीच ना?" आणि पुढची शेंग उचलली.

ठिणगे, मी आईवर ओरडले. मला स्वतःचा आवाज ओळखू येईना. मी म्हटलं, तुला माहीत होतं ना, मग माझ्या पोरीला का बोलू दिलंस? का मला तिच्या अंगावर सोडलंस? तुझे भावोजी वर्तमानपत्रासकट बाहेर आले. आई म्हणाली, "तू विचारलं नाहीस." ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मग जेवताना म्हणाली, आमटी खारट झालीय. एवढ्यावर तिच्या बाजूने विषय संपला. माझ्या बाजूने नाही.

कडी मी लावली. जुन्या भोकांत स्क्रू धरेनात, नुसते फिरत राहिले, म्हणून बोटभर वर नवीन भोकं पाडली. जरा तिरकी बसली आहे, पण लागते. खाली जुनी भोकं दिसतात. ती मी बुजवलेली नाहीत. खारू गादीवर बसून सगळं बघत होती. मी म्हटलं, तू काही सांगितलं नव्हतंस, चूक माझी होती. आई आणि तुझे भावोजी दारातच होते. खारू म्हणाली, "माहीत आहे." मला वाटलं होतं ती रडेल. मीच रडले आणि तिने मला स्क्रूड्रायव्हर आणून दिला, कारण तो माझ्या हातून पडला होता. फोन परत दिला. तुझी दोन्ही पत्रं वाचायला दिली, कारण आता लपवाछपवी नको.

शेजारची शिक्षिका जिन्यात भेटली. मी म्हटलं, "ती कडी मीपण काढली होती." तिने हातातली पिशवी सावरली. मग म्हणाली, "आमच्या मुलीच्या खोलीला पहिल्यापासूनच नाहीये." आणि भराभर खाली उतरून गेली.

प्रकरण राहू दे.

तुझी ताई

१८ जून

मावशी,

आई म्हणाली, आपल्याकडे भांडण कागदावर करायचं असतं. म्हणून हे पत्र. माझं भांडण तुझ्याशी आहे, पण ते शेवटी लिहिते.

आधी हे, की मी आईला 'मी सांगितलं नाही' असं का म्हटलं नाही. कारण तिने ते विचारलंच नव्हतं. तिने विचारलं, "का सांगितलंस?" त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. दुसरं म्हणजे मी आत काय करायचे, हे सगळ्यांना जाणून घ्यायचं आहे. बाबांनी पण काल हळूच विचारलं. मी काहीच करत नव्हते. पडून पंख्याकडे बघायचे. शाळेत दिवसभर कुणीतरी बघत असतं, घरी आल्यावर कुणी बघू नये एवढंच मला हवं होतं. हे ऐकून बाबांचा जरा विरस झाला.

परवा संध्याकाळी दारावर आवाज झाला. आमच्या घरात दार कुणी वाजवत नाही, त्यामुळे मला आधी वाटलं बाहेर काहीतरी पडलं. मग परत आवाज झाला. ती आई होती. मी लगेच उघडलं नाही. पावलं लांब गेल्याचं ऐकू आलं नाही, म्हणजे ती उभीच होती. मी बराच वेळ तशीच पडून राहिले आणि ती बराच वेळ तशीच उभी राहिली. मग मी उघडलं. तिला विचारायचं होतं, चहा घेणार का. मी हो म्हटलं. आजी मात्र अजून पूर्वीसारखीच येते, दार ढकलत राहते आणि उघडलं नाही की म्हणते, "दार फुगलंय वाटतं." तिला कुणी समजावत नाही. मी तर नाहीच समजावणार.

आता भांडण. तुझं पुस्तक मला खूप आवडलं, हे आधीच लिहिते, म्हणजे तू लगेच पेटणार नाहीस. सातवं प्रकरण वाचताना मला वासही आला. आमच्या दाराला पण आला होता. पण शेवटी ती मुलगी आईला मिठी का मारते? कडी तर परत लागलेलीच नाही! मी पुन्हा पुन्हा मागे जाऊन शोधलं. सातव्या प्रकरणानंतर त्या दाराकडे कुणी बघतसुद्धा नाही. तिची आई चूक झाली असं म्हणत नाही, फक्त रडते. आणि आई रडली म्हणून मुलगी जाऊन मिठी मारते. असं कोण करतं? आमच्याकडे आई रडली तेव्हा मला तिचं वाईट वाटलं, पण मी तिला स्क्रूड्रायव्हर दिला, कारण अजून दोन स्क्रू बसायचे होते.

तू मारली होतीस का आजीला मिठी? मला नाही वाटत. आईला लिहिलेल्या पत्रात तू म्हणतेस, त्या बाईंना मिठी दिली आणि प्रकरण वाचवलं. म्हणजे त्यांनी सांगितलं आणि तू पण "बरं" म्हणालीस. मला तुझा खूप राग आला. अजून आहे. माझ्या वर्गातल्या मुली ते पुस्तक वाचतायत आणि त्यांना वाटतंय, कडी नसली तरी शेवटी आपणच मिठी मारायची असते.

दुसऱ्या आवृत्तीत प्रकरण ठेव. मिठी काढ. तुझ्या संपादकबाई चिडल्या तर त्यांना माझं हे पत्र दाखव, माझी हरकत नाही.

आईला मी मिठी मारीन का, ते मला अजून माहीत नाही. मारली तर ती आमची आम्ही मारू.

खारू